नीर डोसा आणि दादींचे घावन

सहलीचा विषय निघाला की इतर घरांत 'कुठे जायचे' हा पहिला प्रश्न असतो. आपल्या घरांत त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, 'तिथे खायचे काय?' आमच्या घरी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कित्येक वर्षे एका मोठ्या कापडी पिशवीत असायचे. उकडलेली अंडी, खिम्याचे पॅटिस, चपात्या, लोणच्याची बाटली. आणि सगळ्यांत वर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली दादींची घावने. दादी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना घरातच काय, आमच्या मुंब्र्याच्या सगळ्या इमारतीत दादी म्हणतात.

यंदा नाताळच्या सुट्टीत खोपोलीला नणंदेकडे जायचे ठरले, तेव्हा मात्र ती पिशवी निघालीच नाही. एक तर रमजाननंतर दादींच्या उजव्या हाताला कंप सुटला आहे आणि त्यांनी चुलीपाशी येणे सोडले आहे. दुसरे म्हणजे आमच्या नववीतल्या लेकीने सहलीचा बेत आधीच आखून ठेवला होता. तिला फोनवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचे वेड आहे. खालापूरजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर एका टीव्हीवरच्या नामवंत शेफच्या नावाचे हॉटेल आहे, तिथे दक्षिणेकडचे जेवण मिळते, आणि ते खाल्ल्याशिवाय मी परत येणार नाही, असे तिने आत्याला फोनवर सांगून टाकले होते.

मुंब्र्याहून कल्याण आणि कल्याणहून कर्जतची गाडी. नेरळ जवळ आले तशा दादी खिडकीला सरकून बसल्या. त्यांचे माहेर नेरळजवळचे. भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत ओल टिकून होती तेवढ्यावर वाल पेरलेले, त्यांचे हिरवे पट्टे आणि मागे माथेरानचा डोंगर. "आमचा भाऊ अजून कर्जत-तीन लावतो," दादी म्हणाल्या. लेकीला वाटले हा गाडीचा नंबर असावा. मग तिला सांगावे लागले की कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, तिथे निघालेल्या भाताच्या जातींना गावाचेच नाव आहे : कर्जत-3, कर्जत-5, कर्जत-7. ज्या गावाचे नाव तांदळाला मिळते, त्या गावच्या माणसांना तांदूळ काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

कर्जत स्टेशनात उतरलो आणि मुलगा वड्यांच्या दिशेने धावला. दिवाडकरांचा बटाटावडा आणि लसणाची लाल सुकी चटणी खाल्ल्याशिवाय कर्जत ओलांडायचे नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. या वड्याच्या प्रसिद्धीमागे एक इंजिन आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते. कर्जतच्या पुढे बोरघाट लागतो. तिथे चढ इतका उभा आहे की 37 फुटांवर गाडी 1 फूट वर चढते. त्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबतात आणि मागून ढकलायला जादा इंजिने जोडली जातात. तेवढ्या वेळात प्रवासी खाली उतरतो, गरम वडा घेतो, पुन्हा चढतो. थांबा नसता तर वडाही कदाचित चार गावांपुरताच राहिला असता.

आम्हाला मात्र घाट चढायचा नव्हता. पलीकडे खोपोलीची लोकल उभी होती. कर्जत ते खोपोली जेमतेम 15 किलोमीटर. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. आज हा एक लहानसा फाटा वाटतो, पण एके काळी मुख्य रेल्वे इथेच संपायची. खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 साली आली. बोरघाटातला लोहमार्ग सुरू व्हायला 1863 उजाडले. मधली सात वर्षे पुण्याला जाणारी माणसे खोपोलीला उतरायची आणि पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढायची. तेव्हाही प्रत्येकाला तोच प्रश्न पडला असणार, इथे खायचे काय?

दुसऱ्या दिवशी जोहरची नमाज घरी आटोपून आम्ही सात जण नणदेच्या यजमानांच्या गाडीतून खालापूरच्या बाजूला निघालो. डावीकडे डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे जाड पाइप दिसत होते. 1915 साली सुरू झालेले हे वीजघर. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी इथे वीज करून खाली पाताळगंगेला मिळते. त्यामुळेच ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते.

हॉटेल प्रशस्त होते. दारातच शेफचा माणसाएवढा फोटो, हाताची घडी घातलेला. लेकीने त्याच्याजवळ उभे राहून दोन-तीन फोटो काढून घेतले. मला आमच्या घरातला जुना टीव्ही आठवला. 1993 साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' सुरू झाला आणि स्वयंपाकी हा माणूस पहिल्यांदा घराघरात नावाने ओळखला जाऊ लागला. दादी तो कार्यक्रम नेमाने बघायच्या. बघून झाले की म्हणायच्या, "चांगलं बनवतो पोरगा, पण भांडी कोण घासतं ते दाखवत नाहीत."

आम्ही बसलो. जाडजूड मेन्यूकार्ड आले. चेट्टिनाड चिकन, कोरी गस्सी, मलबारी मटण, माशांचे सार, अप्पम, नीर डोसा. वाचता वाचता मुलाच्या तोंडाला पाणी सुटले, आणि माझ्या पोटात तो नेहमीचा गोळा आला. आता विचारावे लागणार.

हा क्षण तुमच्यापैकी अनेकींच्या ओळखीचा असेल. प्रश्न अगदी साधा असतो, 'मांस हलाल आहे का?' पण तो विचारताना आवाज आपोआप खाली जातो. शेजारच्या टेबलावर कोणी ऐकेल का, वेटर तोंड वाकडे करील का, असे मनात येते. कॉलेजात जाणारा माझा मुलगा तर टेबलाखालून माझा पाय दाबत म्हणाला, "अम्मी, नको ना विचारूस. सरळ व्हेज मागवू." मुलांच्या अब्बांनी मेन्यूकार्डात मान घातली. मीही गप्प बसले.

आणि दादींनी हाक मारली, "बेटा, जरा इकडे ये." मॅनेजर आले. दादींनी घरात बोलतात त्याच आवाजात विचारले, "हे कोंबडं कापलं कोणी?"

मुलाने डोळे मिटून घेतले. पण मॅनेजर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. ते म्हणाले, "आजी, चिकनचा पुरवठादार हलाल आहे असं सांगतो. मटण दोन-तीन ठिकाणांहून येतं. मी स्वतः बघितलेलं नाही, म्हणून तुम्हाला शब्द देत नाही. मासे आणि शाकाहारी पदार्थ निर्धास्त खा. माशांचे तवे-कढया वेगळ्या आहेत, पाहिजे तर आत येऊन बघा."

"बस्स," दादी म्हणाल्या. "माहीत नाही म्हणालास, हे बरं केलंस. मासे आण."

माशाला जबह करावे लागत नाही, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. गाडीत बसल्यावर मी दादींना म्हटले, तुम्हाला संकोच नाही वाटला? त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लहानपणी गावात हे विचारण्याची वेळच येत नसे. कुणबी शेजाऱ्याकडे लग्न असले, आगरी ओळखीच्यांकडे जेवण असले आणि मुसलमान घरांना आवतण असले, की यजमान आधी मुल्लाजींना बोलावून कोंबडी-बकरे कापून घेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मुलाणी हा बलुतेदारच होता आणि हे काम त्याचेच होते. "त्यांना लाज नव्हती वाटत सांगायला, आपल्याला कशाला वाटेल विचारायला?" दादी म्हणाल्या.

तर, मासे आले. नारळाच्या रसातले, चिंचेचा आंबटपणा असलेले. सोबत अप्पम आले, भाज्यांचा स्टू आला आणि शेवटी लेकीने मागवलेला नीर डोसा आला. त्रिकोणी घडी घातलेला, पांढराशुभ्र, अंगभर बारीक जाळी. 1 प्लेट 240 रुपये, त्यात 4 डोसे. लेकीने आधी फोटो काढला आणि मग दादींना समजावू लागली, "दादी, हा फर्मेंट करत नाहीत. तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटायचे, नारळ घालायचा आणि पाण्यासारखं पातळ पीठ करायचं. नीर म्हणजे पाणी. तुळू भाषेत."

दादींनी एक तुकडा तोडला. बिस्मिल्लाह म्हणून तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या.

"हे तर घावन आहे," त्या म्हणाल्या.

लेक म्हणाली, "नाही दादी, हा नीर डोसा."

"असेल. आमच्याकडे घावन म्हणतात."

लेक गप्प झाली, आणि मला गेल्या रमजानातली एक सकाळ आठवली. सहरीला दादींनी घावने आणि नारळाचा रस केला होता. लेक डोळे चोळत दस्तरखानावर आली आणि म्हणाली, "पुन्हा घावनच? किती गावठी. काहीतरी वेगळं कर ना दादी." झोपेतल्या मुलीचे बोलणे. मी तिला रागावले आणि विषय संपला, असे मला वाटले होते. पण त्या दिवसानंतर दादींनी घावन केलेले मला आठवत नाही. हाताचा कंप ईदनंतर सुरू झाला. मी मात्र इतके दिवस समजत होते की त्या हातामुळे थांबल्या.

तेच घावन आता 240 रुपयांना, केळीच्या पानावर, फोटो काढून आमच्यासमोर होते.

ताटे उचलायला आलेल्या मुलाला दादींनी विचारले, "हे बनवलं कोणी? त्याला सांग, चांगलं झालंय." थोड्या वेळाने आतून एक पंचविशीचा तरुण हात पुसत बाहेर आला. भटकळचा होता. कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे हे गाव, तिथले मुसलमान स्वतःला नवायत म्हणवतात आणि त्यांची नवायती बोली कोकणीच्या कुळातली आहे. तो हिंदीत बोलू लागला, पण दादींचे कोकणी वळणाचे मराठी ऐकून मध्येच आपल्या बोलीत शिरला. दोघांना एकमेकांचे सगळे कळत होते असे नाही. पण तांदूळ किती वेळ भिजवायचा, नवा घ्यायचा की जुना, तवा किती तापवायचा, यात त्यांना दुभाषा लागला नाही. जुना तांदूळ घ्यायचा यावर दोघांचे एकमत झाले. दादींनी त्याला हॉटेलातल्या मांसाबद्दलही विचारून घेतले. तो हसून म्हणाला, "मीसुद्धा इथे मासे-भातच खातो, दादीजान."

दारातल्या फोटोतले शेफ त्या दिवशी तिथे नव्हते. पदार्थ त्यांच्या नावाचा असला तरी हात या मुलाचा होता.

परतताना गाडीत चर्चा रंगली ती याच गोष्टीवर. आपण ज्याला दक्षिणेकडचे जेवण म्हणतो, ते आपल्याला इतके ओळखीचे का वाटते? उत्तर नकाशात आहे. रायगडपासून भटकळ, मंगळूर आणि थेट मलबारपर्यंत एकच किनारा आहे. भरपूर पाऊस, भाताची खाचरे, नारळ, मासे. या किनाऱ्यावरच्या बंदरांतून अरबस्तानाशी शेकडो वर्षे व्यापार चालला. कोकणी मुसलमान, नवायत आणि केरळचे मापिळा हे त्याच किनाऱ्याचे लोक. मापिळांच्या घरी पत्तिरी होते : उकळत्या पाण्यात तांदळाचे पीठ घालून उकड काढायची, मळायची, पातळ भाकरी करून तव्यावर भाजायची. आपल्या तांदळाच्या भाकरीची ही बहीणच. मलबारच्या मुस्लिम घरांतला हा स्वयंपाक उम्मी अब्दुल्ला या गृहिणीने पुस्तकांत लिहून ठेवला, म्हणून आज तो केरळबाहेरही लोकांना माहीत आहे. आपल्या किती आज्या-नान्यांचे असे काही लिहून ठेवले गेले?

दादींना यावर दुसरेच आठवले. माझे सासरे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नेरळहून रोज जायचे-यायचे. लग्नानंतर एकदा पगाराच्या दिवशी ते दादींना माटुंग्याला घेऊन गेले आणि स्टेशनजवळच्या रामा नायक यांच्या खाणावळीत जेवायला घातले. उडिपीकडून आलेल्या रामा नायक यांनी 1942 साली सुरू केलेली ही खाणावळ आजही चालू आहे. ना टीव्ही होता, ना दारात फोटो, तरी लोक तिला आजवर रामा नायकांच्याच नावाने ओळखतात. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. "मी बुरख्यात होते," दादी म्हणाल्या. "वाटलं, कोणी काही म्हणेल. वाढणारा आला आणि म्हणाला, अजून भात घ्या. बाकी काही नाही." शाकाहारी खाणावळ, म्हणून तिथे विचारायचेही काही नव्हते. प्रवासात उडिपी हॉटेल दिसले की आपल्या लोकांना हायसे वाटते, ते याचसाठी.

त्या रात्री लेकीने फारसे काही बोलले नाही. सकाळी फज्रनंतर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला म्हणून मी उठून पाहिले. तिने आत्याकडून रात्रीच तांदूळ भिजत घालून घेतले होते आणि माळ्यावरचा बिडाचा तवा काढून घासला होता. दादी खुर्चीवर बसल्या होत्या. मिक्सरमध्ये वाटलेले पीठ लेकीने त्यांच्यापुढे धरले. दादींनी त्यात बोट बुडवले. "अजून पाणी. दुधासारखं व्हायला पाहिजे." मीठ. थोडे खोबरे. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला. पीठ ओतायला दादींनी वाटी उचलली, पण हात थरथरला आणि पीठ ओट्यावर सांडले. त्यांनी वाटी लेकीच्या हातात दिली.

"कडेकडेने सोड. मध्ये ओतायचं नाही. गोल आपोआप होतो."

पहिले घावन तव्याला चिकटले. दुसरे फाटले. तिसऱ्याला जाळी पडली, पण कड जाड राहिली. "पहिली दोन तव्याची असतात," दादी म्हणाल्या, "तिसऱ्यापासून आपली." लेकीने किती वाट्या तांदळाला किती पाणी, हे वहीत लिहायला घेतले. दादींना ते सांगता येईना. त्या पुन्हा पुन्हा पिठात बोट बुडवून दाखवत होत्या. शेवटी लेकीने वहीत असे लिहिले : 'पीठ बोटावरून निथळले पाहिजे, पण बोट पांढरे राहिले पाहिजे.' दादींनी ऐकून मान हलवली.

नाश्त्याला बावीस घावने झाली. नणंदेने हिशेब मांडला, हॉटेलच्या दराने साडेपाच प्लेटी, म्हणजे 1320 रुपये. सगळे हसले. दादीही हसल्या, पण मला वाटले त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी विचारले नाही.

ज्यांना ही सहल करायची आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. कर्जतला उतरून खोपोलीची लोकल घ्या. गाड्यांमध्ये अंतर फार असते, म्हणून वेळापत्रक आधी बघून ठेवा. हिवाळ्यात जा, तेव्हा वालाच्या शेंगा मिळतात. आणि हॉटेलात बसलात की प्रश्न विचारा. खालच्या आवाजात नको, भांडणाच्या आवाजातही नको, दादींनी विचारला तसा. बहुतेक माणसे नीट उत्तर देतात. 'माहीत नाही' असे उत्तर आले तरी तेही उत्तर आहे. त्यावर मासे किंवा भाजी-भात मागवता येतो. आपण गप्प राहिलो की मुले दोन गोष्टी शिकतात, एक तर चालवून घेणे, नाही तर लाजणे.

निघताना नणंदेने तो बिडाचा तवा आमच्या पिशवीत घातला. जड होता. कर्जतला गाडी बदलताना मुलाने कुरकुर केली, पण उचलून घेतला. आता दर शुक्रवारी सकाळी लेक घावने करते. कड अजून जाडच राहते. दादी खुर्चीवर बसून पिठात बोट बुडवतात आणि म्हणतात, "अजून थोडं पाणी."